मालकीच्या रानातील वाटा व झाडे यांची निगा

कोकणातील बहुतेक खातेदारांच्या नावे भातखाचरे व आंबा-काजूची कलमे यांखेरीज थोडेबहुत वरकसही असते. त्यापैकी जो भाग डोंगराच्या कुशीत अथवा पऱ्ह्याच्या काठी आहे, त्यात ऐन, किंजळ, साग, खैर, शिवण, जांभूळ अशी झाडे न लावता वाढलेली आढळतात. पूर्वी राबासाठी कवळ, चुलीसाठी फाटी, कुंपणासाठी मेढी आणि औतासाठी लाकूड या निमित्ताने घरातील कोणी ना कोणी आठवड्यातून दोनदा तरी या रानात जात असे. हल्ली घरोघरी गॅसची शेगडी आली, खताची गोणी दुकानातून येऊ लागली, आणि घरची तरणी माणसे मुंबई-पुण्यास गेली. रानात जाण्याचे कारण उरले नाही, म्हणून वाटा बुजल्या. वाटा बुजल्या, म्हणून जाणे अधिकच अवघड झाले. अशा स्थितीत एखादे दिवशी लाकडाचा व्यापारी दारी येतो व सबंध रानाचा उक्ता भाव सांगतो. त्याने ते रान दोन दिवस हिंडून पाहिलेले असते. मालकाने मात्र दहा वर्षांत पाहिलेले नसते. हा सौदा कोणाच्या फायद्याचा ठरतो हे सांगावयास नको.

यास्तव झाडांच्या निगेविषयी लिहिताना आम्ही प्रथम वाटेचा विचार करणार आहो. ज्या झाडापर्यंत मालकास सुखाने चालत जाता येत नाही, त्या झाडाची तोड तेवढी होते, निगा कधीच होत नाही.

वाट कोठून काढावी, हा पहिला प्रश्न. जुनी गुरवाट असेल तर ती शोधून काढावी, परंतु ती जशीच्या तशी पत्करू नये. गुरे व मोळीवाले उतरणीस सरळ खाली धावतात. अशी सरळ उतरलेली वाट चार पावसाळ्यांत ओहोळ बनते. कोकणात चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि वाटेचा खरा शत्रू पाय नव्हे, हे पाणी होय. डोंगराचा जो स्वाभाविक उतार असेल, त्याच्या निम्म्याहून अधिक उतार वाटेस देऊ नये. आणि डोंगर कितीही उभा असला तरी दहा फुटांस एक फूट यापेक्षा जास्त चढ सलग ठेवू नये. हे मोजण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत. गवंडी लोक पातळी काढण्यास वापरतात ती पाण्याची नळी व दोन सारख्या काठ्या एवढ्यावर दोन माणसे एका दिवसात अर्धा मैल वाट आखू शकतात. आखणी करताना मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून जितके दूर राहता येईल तितके राहावे. त्याचे कारण पुढे येईल.

वाटेचा पृष्ठभाग डोंगराकडे झुकवावा की दरीकडे, याविषयी मतभेद आहेत. पुष्कळ लोक डोंगराच्या अंगास गटार खणून पाणी त्यात घेतात. बैलगाडीच्या अथवा मोटारीच्या रस्त्यास हे योग्य असेल. पायवाटेस ते आम्हांस मुळीच पसंत नाही. गटारात गोळा झालेले पाणी वेग घेते, पालापाचोळ्याने गटार तुंबले की तेच पाणी वाटेवर चढते आणि एका रात्रीत वाट कापून नेते. त्यापेक्षा वाट दरीच्या अंगास किंचित उतरती ठेवावी, म्हणजे वरून आलेले पाणी पातळ थराने वाट ओलांडून खाली निघून जाईल. चार फूट रुंदीच्या वाटेस अडीच इंचांचा झुकाव पुरे होतो. यापेक्षा अधिक दिल्यास ओल्या पालापाचोळ्यावरून पाय घसरतो.

एवढ्याने सर्व पाणी जाईलच असे नाही. कारण वर्षभराच्या वहिवाटीने मधला भाग दबतो व वाटेस पन्हाळाचा आकार येतो. म्हणून सुमारे चाळीस-पन्नास फुटांवर वाटेस एक लहानशी लवण द्यावी, म्हणजे चार पावले वाट किंचित वर चढून पुन्हा उतरू लागेल असे करावे. त्या लवणीत आलेले पाणी पुढे जाऊ शकत नाही. ते बाहेर पडते. आधीच उभी झालेली जुनी वाट दुरुस्त करताना लवण काढणे शक्य नसते. तेथे दगडांची आडवी ओळ तिरपी बसवावी. ती वाटेशी काटकोनात बसविल्यास तिच्यामागे गाळ साचून ती निकामी होते. तिरपी असल्यास पाणीच गाळ धुऊन नेते. दगड दोन तृतीयांश जमिनीत गाडलेले असावेत. पाणी जेथे बाहेर पडेल तेथे चार धोंडे टाकावेत, आणि ते पाणी शेजाऱ्याच्या खाचरात तर जात नाही ना, हे आधी पाहावे.

फारच उभ्या जागी पाखाडीशिवाय इलाज नाही. आपल्या पूर्वजांनी जांभ्याच्या पाखाड्या बांधल्या, त्यांपैकी कित्येक आजही जशाच्या तशा आहेत. त्यांच्याकडे नीट पाहिल्यास दोन गोष्टी ध्यानात येतात. प्रत्येक पायरीचा दगड खालच्या पायरीवर थोडा चढलेला असतो, आणि दोन्ही अंगांस मोठे धोंडे बसवून लोकांना पायरी सोडून बाजूने चालण्यास जागाच ठेवलेली नसते. हल्ली सिमेंट ओतून केलेल्या पायऱ्यांच्या बाजूने आडवाट पडलेली दिसते, ती या दुसऱ्या गोष्टीच्या विसरामुळे.

पऱ्ह्या ओलांडताना वाट दोन्ही बाजूंनी पात्राकडे उतरली पाहिजे. एका बाजूने उतरून तशीच खाली गेली, तर पुराच्या दिवशी पऱ्ह्या आपले पात्र सोडून वाटेनेच चालू लागतो. केवळ पावसाळी पाणी असेल तेथे पात्रात मोठे सपाट दगड बसवून उतार करावा. साकव घालणे अगदीच आवश्यक असेल तर पोफळीच्या अथवा माडाच्या खोडांचा घालावा, परंतु त्यावर दरसाल नवी खोडे लागतात हे गृहीत धरावे. वरून धड दिसणारी पण आतून कुजलेली पोफळ फार फसवी असते.

हे सर्व केल्यावर मृगाचा पहिला मोठा पाऊस कोसळत असता मालकाने छत्री व कुदळ घेऊन स्वतः वाटेने एकदा चालावे. कोरड्या दिवशी चार जाणत्यांनी तासभर वाद घालून जे कळत नाही, ते त्या अर्ध्या तासात डोळ्यांना दिसते. पाणी जेथे अडले असेल तेथे कुदळीचे चार घाव घालून त्यास तोंड करून द्यावे.

वाट किती रुंद असावी? डोक्यावर मोळी घेतलेला मनुष्य सुखाने जाईल इतकी, म्हणजे चार फूट रुंद व आठ फूट उंच मोकळी. यापेक्षा अधिक रुंदीचा मोह धरू नये, आणि येथेच जेसीबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्राविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस भाग आहे. हे यंत्र अर्ध्या दिवसात दहा फुटी रस्ता काढून देते, म्हणून लोक त्यावर खूश असतात. परंतु ते डोंगराची कड उभी कापते व काढलेली माती खालच्या झाडांच्या बुंध्यांवर लोटते. उभी कड पावसाळ्यात ढासळते, आणि बुंध्याशी मातीचा ढीग पडलेले झाड मुळांस हवा न मिळाल्याने दोन-चार वर्षांत वाळते. शिवाय मुळे तुटतात ती निराळीच. झाडाची मुळे खोल पाताळात जातात ही समजूत बरोबर नाही. बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फुटांत असतात व आडवी पसरतात, आणि अन्न घेणारी बारीक मुळे तर त्याहून वरच्या थरात असतात. बुंध्याच्या एका अंगाची मुळे तोडली की त्या झाडाचा नांगरच सुटला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या किनाऱ्यास धडकले, तेव्हा माड, पोफळी व आंबे यांच्या बागा आडव्या झाल्या आणि उन्मळलेल्या झाडांनी रस्ते अडले. तशा वादळात निकोप झाडही पडते. मग ज्याची एका बाजूची मुळे माणसानेच तोडली आहेत, त्याने उभे राहावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

रुंद वाटेचा दुसरा तोटा रानमोडीचा. ही व घाणेरी या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील, पण आता आपल्या रानात घरच्यासारख्या वावरत आहेत. रानमोडीस ऊन हवे. माथ्यावर झाडांची सावली दाट असेल तेथे ती जोर धरीत नाही. वाट रुंद करून आभाळ मोकळे केले की दोन पावसाळ्यांत पुरुषभर वाढते. तिला कोयतीने तासून उपयोग नाही, कारण बुडापासून पुन्हा अनेक फुटवे येतात. पावसाळ्यात माती मऊ असताना मुळासकट उपटावी, आणि जे राहील ते हिवाळ्यात फुलावर येण्यापूर्वी काढावे. एकदा बी धरले की वारा ते सगळीकडे नेतो. घाणेरीचे बी पक्षी नेतात, म्हणून ती पक्षी बसतात त्या झाडांखाली प्रथम शोधावी. तिचा पाला गुरांस विषारी आहे, हे गुराख्यास बजावून ठेवावे.

रानमोडी वाळली की वणव्यास सरपण होते, आणि वणव्यापुढे वाटेचा मोठाच उपयोग आहे. माघापासून वाटेवरील व तिच्या दोन्ही अंगांच्या पाच-सहा फुटांतील पाला झाडून काढीत राहिल्यास तीच जाळरेषा होते. गवतातून पसरत येणारी आग झाडलेल्या वाटेपाशी पुष्कळदा थबकते. निदान ती विझविण्यास माणसांना उभे राहावयास जागा व पळावयास मार्ग मिळतो. झाडलेला पाला तेथेच पेटवू नये. तो खड्ड्यात टाकून शेणकाला शिंपडावा. पुढच्या वर्षी कलमांच्या आळ्यांस तो उपयोगी पडतो. रानाच्या ज्या अंगास गवताळ माळ आहे त्या अंगाची वाट आधी झाडावी, कारण आग बहुधा तेथूनच येते.

आता झाडांकडे वळू. वर्षातून दोन वेळा, एकदा वैशाखात व एकदा पावसाळा संपल्यावर, वाटेच्या दोहो बाजूंच्या झाडांची पाहणी करावी. झाड वाकडे आहे एवढ्याने भिण्याचे कारण नाही. लहानपणापासून कललेले व शेंडा पुन्हा सरळ केलेले झाड बहुधा भक्कम असते. पण जे झाड अलीकडे कलले आहे आणि कललेल्या दिशेच्या उलट अंगास ज्याच्या बुडाची जमीन उचलली अथवा फाटली आहे, त्याचा भरवसा धरू नये. बुंध्यावर अळंब्यांचे कडक पंखे उगवले असतील तर आतील लाकूड कुजत आहे असे समजावे. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तरी लगेच तोडू नये, कारण ढोलीभोवतीची निकोप लाकडाची भिंत जाड असली तर पोकळ झाडही पुष्कळ वर्षे उभे राहते. ती भिंत खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाहून कमी झाली की धोका समजावा, असा ठोकताळा आहे. वाटेवर पडेल असे धोक्याचे झाड काढावे. वाटेपासून दूर असलेले वठलेले झाड मात्र उभे राहू द्यावे. त्यास व्यापारी किंमत नसते, आणि घुबडे, पोपट, सुतार यांना घर तेथेच मिळते. धनेश तर मोठ्या जुन्या झाडाच्या ढोलीवाचून पिले वाढवूच शकत नाही. त्याची मादी ढोलीत स्वतःस कोंडून घेऊन अंडी उबविते. रानातील पुष्कळ फळझाडांचे बी हाच पक्षी फुकट पेरतो.

वाटेवर आलेली फांदी कापण्याची आपल्याकडील रीत वाईट आहे. मनुष्य कोयतीने खालून-वरून घाव घालतो, फांदी आपल्या भाराने मोडते आणि खोडाची हातभर साल सोलीत खाली येते. मोठी फांदी करवतीने तीन खेपांत कापावी. खोडापासून फूटभर अंतरावर प्रथम खालून तिसरा हिस्सा काप घ्यावा. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी. शेवटी उरलेली खुंटी काढावी. ही खुंटी कोठे कापावयाची हे सर्वांत महत्त्वाचे. फांदी जेथे खोडास मिळते तेथे सालीची किंचित फुगलेली वळी असते. काप त्या वळीच्या अगदी बाहेरून घ्यावा. वळी कापून खोडाशी सपाट केल्यास खोडाचेच लाकूड उघडे पडते; लांब खुंटी ठेवल्यास ती कुजून कीड आत नेते.

कापल्या जागी डांबर फासण्याची चाल आहे. अमेरिकेच्या वनखात्यातील अॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे उभी चिरून तपासली व असे दाखविले की, झाड आपली जखम प्राण्याप्रमाणे भरून काढीत नाही, तर जखमेभोवती आतून भिंत घालून कूज कोंडून ठेवते; वरून फासलेल्या लेपाने कूज थांबत नाही. रानझाडांस म्हणून डांबराची गरज नाही. आंबा-काजूच्या कलमांस कृषी विद्यापीठे बोर्डो मलम लावण्यास सांगतात, ती गोष्ट वेगळी. तेथे रोगाचे बीज निराळे आहे आणि तो सल्ला मानावा. आंब्यावरील बांडगूळ मात्र फळ धरण्यापूर्वीच, जिच्यावर ते रुजले आहे त्या फांदीसह काढावे. नुसते बांडगूळ ओरबाडल्यास आत राहिलेल्या मुळ्या पुन्हा फुटतात.

ज्यांच्याकडे अद्याप भाजावळ चालते, त्यांनी कवळ तोडताना झाडाचा शेंडा व वरचा तिसरा हिस्सा राखावा आणि एकाच झाडावर दरसाल कोयती चालवू नये. तीन वर्षांची पाळी ठेवली तर ऐन-किंजळ तग धरतात. दरसाल सोललेली झाडे गाठाळ व पोकळ होतात, आणि त्यांपासून पुढे ना कवळ मिळतो ना लाकूड.

लाकडासाठी तोड करावयाची असेल तर सबंध रान एकदम देण्याऐवजी त्याचे आठ-दहा भाग पाडून दरसाल एकाच भागात विरळणी करावी. प्रथम वाकडी, दुबेळक्याची, दुसऱ्याखाली दबलेली झाडे काढावीत. सरळ व जोमदार झाडे पुढच्यासाठी व बियांसाठी राखावीत. उक्त्या तोडीत उलट घडते. व्यापारी उत्तम ते नेतो आणि रानात वाईटाचाच वंश उरतो. साग, ऐन, शिवण यांचे बुंधे फुटतात, म्हणून पौष ते फाल्गुन या काळात, नवी पालवी येण्यापूर्वी, जमिनीपासून चार-सहा इंचांवर, धारदार हत्याराने, साल न फाटता व पाणी साचू नये असा तिरपा काप घ्यावा. पुढे जे पुष्कळ फुटवे येतात, त्यांतील बुडाजवळचे एक-दोन जोमदार फुटवे दुसऱ्या पावसाळ्यानंतर राखून बाकीचे काढावेत. वर, कापाच्या कडेस आलेला फुटवा मोठेपणी वाऱ्याने फाटतो. फार म्हाताऱ्या बुंध्यापासून मात्र फुटव्यांची आशा धरू नये.

सौद्यापूर्वी मालकास आपल्या लाकडाचे माप ठाऊक असले पाहिजे. प्रचलित पद्धत अशी: ओंडक्याचा मध्यावरचा घेर घ्यावा, त्यास चारांनी भागावे, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुणावे. घेर ४ फूट व लांबी १२ फूट असल्यास १२ घनफूट झाले. वास्तविक त्या ओंडक्यात सुमारे १५ घनफूट लाकूड असते. चौकटण्यात जाणारी तूट धरून हे माप मुद्दाम कमी ठेवलेले आहे. म्हणून व्यापारी या मापावर आणखी ‘तूट’ मागू लागला तर ती देऊ नये, आणि घेर सालीसकट की साल काढून, हे आधी ठरवून घ्यावे. याच हिशेबाने २ फूट घेराच्या तितक्याच लांब ओंडक्याचे ३ घनफूट भरतात. म्हणजे घेर दुप्पट होईतो थांबल्यास लाकूड चौपट होते, आणि जाड लाकडास दरही चढा मिळतो, हा लाभ वेगळाच. दरसाल एकदा छातीच्या उंचीवर, साडेचार फुटांवर, निवडक झाडांचे घेर मोजून वहीत लिहून ठेवावेत. कोणते झाड अजून भरते आहे व कोणते थांबले आहे, हे चार-पाच वर्षांच्या आकड्यांवरून आपोआप कळते.

कायद्याची माहितीही हवी. वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा इत्यादी झाडे आहेत. ती स्वतःच्या जमिनीतील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शिवाय ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने शासनाकडे गेली, त्याची नोंद पुष्कळ सातबाऱ्यांवर आहे. ती आपल्या उताऱ्यावर आहे की काय, हे तलाठ्याकडून उतारा काढून आधी पाहावे.

वाटेसंबंधी तंटे तर गावोगाव आहेत. वीस वर्षे उघडपणे, हक्काने व अखंड वहिवाटलेल्या वाटेवर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने हक्क प्राप्त होतो. दुसऱ्याच्या बांधावरून शेतात जाण्याचा मार्ग हवा असल्यास १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. चालू वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागता येते. मात्र ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. मुंबईकर खातेदार गणपतीस येतो, गडगा घातलेला पाहतो, ‘पुढच्या खेपेस बघू’ म्हणून परततो, आणि शिमग्यास येईतो मुदत टळलेली असते. म्हणून वाट वर्षातून एकदाच नव्हे, पावसाळ्याच्या अलीकडे व पलीकडे अशी दोनदा तरी चालून पाहावी. आणि सामायिक खाते असल्यास तोडीच्या अर्जावर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या सौदा ठरण्यापूर्वी घ्याव्यात, बयाणा घेतल्यानंतर नव्हे.